तोफ आणि तथापि

कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. या समोर बसलेल्या मैनाबाई तर नाहीच ठेवणार, त्यांनी माझ्या एकाही गोष्टीवर आजवर ठेवलेला नाही. पण गेल्या रविवारी अमरावतीहून अकोल्याला जाताना मी पॅसेंजरच्या खिडकीतून शब्द फेकले, आणि ते शब्द कपाशीत रुजले. हसा. नत्थुजी, तूही हस. तू माझ्या बाकावरच होतास, तरी हस.

तर मैनाबाई, तुम्ही नव्हता म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमची नात स्वराली दोन वर्षांपासून आमच्याकडे राहून एक खेळ बनवते आहे. पटावरचा. इंग्रजांनी गाविलगडाला घातलेला वेढा. एका बाजूनं गडावरचं व्हायचं, दुसरीनं कंपनीचं. तट, दरवाजे, सोंगट्या, आणि गठ्ठाभर पत्ते. पत्ता उचलायचा आणि त्यावर लिहिलंय तसं करायचं. बापाशी तिचं बोलणं झालेलं होतं की यंदा कोणी खेळ छापायला घेतला तर ठीक, नाहीतर पट माळ्यावर टाकायचा आणि नागपूरच्या ऑफिसात रुजू व्हायचं. पोरगी नखं खाऊन खाऊन बोटांपर्यंत आली होती.

पत्त्यांवरचा मजकूर माझा. वकिलाच्या घरात मजकूर दुसरा कोण लिहिणार? उभा जन्म खरेदीखतं लिहिण्यात गेला, पळवाट कशी बुजवायची हे मला कोणी शिकवू नये. ऐका: ‘सदर तुकडी उत्तर दरवाजासमोर असल्यास व उपरोक्त दरवाजा शाबूत असल्यास तो फोडण्याचा हक्क खेळणाऱ्यास राहील, तथापि तोफ नसल्यास सदर हक्क आपोआप संपुष्टात येईल.’ काय वाक्य आहे! मुंगी शिरणार नाही.

“मुंगी कायले शिरते त्यात,” मैनाबाई म्हणाल्या. “तिले काय कामधंदा नाही?”

पहिला डाव घरीच मांडला. मी, स्वराली, माझी बायको विमल आणि हा शेजारचा नत्थुजी. नत्थुजीनं पत्ता उचलला आणि डोळ्यांपासून लांब धरला. अक्षर दिसेना, आणखी लांब धरला. खोटं सांगत नाही, हात लांब होत होत ओट्यावरून रस्त्यावर गेला, आणि समोरून येणाऱ्या भाजीवाल्यानं पत्ता वाचून दाखवला तेव्हा कुठं डाव पुढं सरकला.

“चष्मा घरी राह्यला होता,” नत्थुजी म्हणाला.

विमलनं पत्ता पालथा करून पाहिला. “अहो, हा पत्ता आहे की खरेदीखत? सह्या कुठं करायच्या?”

 स्वराली फक्त पाहत होती, कोण कुठं अडतो ते. नत्थुजी पत्ते रमीसारखे मुठीत दाबून धरतो, त्यामुळे डाव्या कोपऱ्याची चिंचोळी पट्टीच तेवढी दिसते. आकडा आम्ही छापलेला खाली, नेमका त्याच्या अंगठ्याखाली. गडाचा भगवा आणि कंपनीचा लाल ट्यूबलाइटखाली जुळे भाऊ झालेले. आणि बारीक टायपात ‘क्ष’ असा दिसत होता की माशी बसून गेली असावी. तरी ती गप्प. गप्प पोरगी मला सोसवत नाही. पाय हलायला लागतात माझे.

तशात फोन आला. पुण्याच्या रागिणी मॅडम, असे खेळ छापतात. रविवारी अकोल्याला एका हॉलमध्ये पटावरचे खेळ खेळणारी पोरं जमतात, तिथं त्या येणार होत्या. अट एकच. खेळणाऱ्यांना कोणी काही समजावून सांगायचं नाही. पत्त्यानं स्वतः बोललं पाहिजे.

“म्हणजे मीही बोलायचं नाही?” मी विचारलं.

“आबा, विशेषतः तुम्ही,” स्वराली म्हणाली.

रविवारी गाडीत बसलो तर ती बसेना, मी बसेना. ती दारापर्यंत जायची, परत यायची, गठ्ठा पिसायची, पुन्हा उठायची. मी चपला काढायचो, घालायचो. समोरच्या बाईनं शेवटी विचारलं, “पेशंट कोन हाय तुमच्यात?” बडनेरा गेलं आणि स्वरालीनं पिशवीतून नवे छापलेले स्टिकर काढले. जुन्या मजकुरावर चिकटवायचे. वर डाव्या कोपऱ्यात एक चित्र, एक आकडा. मध्ये मोठ्या अक्षरात दोन शब्द. गडाला ढाल, कंपनीला बंदूक, म्हणजे रंग नाही दिसला तरी आकार दिसेल. आणि माझं ते बुलंद वाक्य? त्याचं काय झालं असेल? कोपऱ्यात तोफ, म्हणजे तोफ हवीच, शेजारी दोनाचा आकडा, म्हणजे मार दोन, आणि मध्ये ‘दरवाजा फोडा’. संपलं.

आता दुसरा एखादा असता तर रडला असता. मी नाही. मी म्हणालो, पोरी, नुसतं झाकू नकोस, खाली दबलेले शब्द कुजतात. आण इकडे. आणि मी नखानं एकेक शब्द पत्त्यावरून सोलून खिडकीबाहेर सोडायला लागलो. कुरूमच्या अलीकडं ‘सदर’ सोडला. टाकळीकडं वाऱ्यानं ‘उपरोक्त’ परत आत आणला, त्याला पुन्हा ढकलला. मान्याजवळ कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. त्यांतल्या एकीनं बोंड उकललं तर आत सरकीऐवजी ‘परंतु’. एका बैलानं ‘आपोआप संपुष्टात’ हे सगळंच्या सगळं खाल्लं, आणि तो तिथंच बसला. अजून उठला नाही म्हणतात.

“टाकळी आधी येते, वकीलसाहेब,” नत्थुजी म्हणाला, “अन् कुरूम मंग.”

वारा उलटा होता, मी म्हणालो, आणि पुढं गेलो.

हॉलमध्ये खुर्च्या प्लास्टिकच्या. मॅडम एका कोपऱ्यात, हातात घड्याळ, चेहऱ्यावर काही नाही. डावाला अंकुर आणि प्रणाली, दोघंही कॉलेजची पोरं, दोघांनी गाविलगड सहलीत पाहिलेला तेवढाच. आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून. बोलायचं नाही! अहो, कोर्टात न्यायाधीश ‘बसा’ म्हणाले तरी मी उभा राहून बोलणारा माणूस. जीभ अशी फडफडायला लागली की मी रुमाल तोंडात कोंबला. स्वरालीनं माझं मनगट धरलेलं, आणि कोणाची नाडी कोणाला लागत होती कळत नव्हतं.

पण पत्ते बोलले, मैनाबाई. पोरं पत्ते मुठीत दाबून धरत, कोपरा पाहत, टाकत. ‘रसद अडवा.’ ‘तट दुरुस्त करा.’ वाचायला थांबणं नाही, विचारणं नाही. त्यांची भांडणं चालली होती ती गडाची, मजकुराची नव्हे. “अबे, उत्तरेकडून येऊन राह्यली ती!” अंकुर ओरडायचा आणि प्रणाली तोफ पुढं सरकवायची. मॅडमनी घड्याळ पर्समध्ये टाकलं. स्वरालीच्या बोटांत रक्त परत आलं.

आणि मग डाव अगदी दरवाजापाशी आला असताना प्रणालीनं पत्ता उचलला आणि ती थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. डोळे पत्त्यावर, कपाळाला आठी. मॅडम पुढं झुकल्या. प्रणालीनं मोठ्यानं वाचलं, “दरवाजा फोडा. तथापि उपरोक्त दरवाजा शाबूत नसल्यास सदर हक्क...” स्टिकरवर, छापलेल्या दोन शब्दांच्या खाली, कोणीतरी शाईनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

“म्हणजे फोडू का नको?” तिनं आमच्याकडं पाहिलं.

बोलायचं नव्हतं. स्वराली पांढरी पडली. तिचे ओठ हलले, पण तिनं ते दातांत धरले. दोन वर्षं त्या एका ‘तथापि’वर लटकली होती, आणि मॅडमचा हात पर्सच्या चेनकडं गेलेला मला दिसला.

तेवढ्यात अंकुर पलीकडून वाकला. प्रतिस्पर्धीच, पण ताटकळून बेजार झालेला. “खालचं काहून वाचतं? वर पाह्य ना. तोफ अन् दोन. तोफ आहे तुह्यापाशी?”

“आहे.”

“मंग फोड ना बाप्पा, मले घरी जायचं आहे!”

फोडला. गड पडला. आणि मॅडम हसल्या, पहिल्यांदाच. स्वरालीला म्हणाल्या, “खाली कोणी काहीही खरडलं तरी तुझा पत्ता वाचता येतो. मला हेच पाहायचं होतं. तेवढा एक साफ कर आणि सगळे पाठव. छापू.” पोरगी तिथंच खुर्चीवर बसली, दिवसभरात पहिल्यांदा.

“पन ते लिवलं कोनं?” मैनाबाईंनी विचारलं.

तेच तर सांगतोय! त्याच भागावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मूर्तिजापूरला गाडी थांबली, हा नत्थुजी झोपलेला, स्वराली पाण्याची बाटली भरायला उतरली, आणि दुसऱ्या दारानं एक म्हातारा चढला. डोक्याला पागोटं, कानावर बोरू, अंगाला चंदनाचा आणि वाळवीचा वास. गाविलगडचा जुना दफ्तरदार! मेलेला, पण नोकरीत. टीसीनं तिकीट मागितलं तर त्यानं सनद दाखवली. टीसीनं सलाम केला. म्हातारा माझ्यासमोर बसला, गठ्ठा उचलला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, वकीलसाहेब, दरवाजा असा दोन शब्दांत फोडतात का? काही कायदा? काही रीत? मी त्याला हात जोडले, म्हणालो, महाराज, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, लिहू नका. पण त्यानं कानावरचा बोरू काढला, पत्ता मांडीवर ठेवला, आणि...

“वकीलसाहेब,” नत्थुजी म्हणाला, “मी डोये मिटले होते, झोपलो नोतो. पोरगी पान्याले उतरली, तवा पत्ता मांडीवर घेऊन तुमीच लिवून राह्यले होते!”