मनुबाईंच्या रानात चालणारी देवी

१९९८ साली कडेगावजवळ मनुबाईंच्या उसाच्या बांधावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध चौरंगावर हळदीकुंकवानं माखलेलं, मुठीएवढं यंत्र ठेवलं होतं. नाथाजी महाराजांच्या भाच्यानं ते दुबईहून आणलं होतं आणि महाराज त्याचा अर्थ सांगत होते.

"पडद्यावर बघा, एन. एन म्हंजे नाथाजी. खाली ई. ई म्हंजे ईश्वर! नवग्रह तुमाला ठावं हायत. ह्या डबीवर त्यांच्याबी वरच्या बारा उपग्रहांची नजर हाय. डबी जागची हलली का? न्हाई. मग आकडं का हलत्यात? भुईखाली देवी चालतीया!"

आकडे खरंच हलत होते. गर्दीनं हात जोडले. देवीला चालायला अडचण नको म्हणून मनुबाईंनी अर्धं रान देवस्थानाला लिहून द्यावं, एवढंच महाराजांचं मागणं होतं. देवस्थानाचे एकमेव विश्वस्त महाराजच होते. विधवा मनुबाईंचं पोट त्याच रानावर होतं आणि सही सोमवारी ठरली होती.

मनुबाईंच्या लेकीनं, शिवांजलीनं, आपल्या मैत्रिणीला सांगलीहून बोलावून आणलं होतं. ही नीलिमा कांबळे तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिला हसू आलं आणि संतापही आला. कारण ही देवी तिच्या गच्चीवरही चालत असे.

नीलिमाला असलं, उपग्रहांवरून आपली जागा सांगणारं यंत्र घरी बनवायचं होतं, तेही साबणाच्या डबीत मावेल असं. म्हणून चाळीस पायांची मायक्रोकंट्रोलर चिप सोडून तिनं अठरा पायांची घेतली. नऊ व्होल्टची बॅटरी लवकर बसते म्हणून पेन्सिल सेल घेतले. उपग्रहांचे संदेश पकडणारा रिसीव्हर पुण्याहून मागवला. यंत्र चाललं, पण डबी जागेवर असताना आकडे भटकू लागले. अँटेना बदलला, चिप बदलली, सोल्डरचे डाग पुन्हा दिले. बाई रडकुंडीला आली. शेवटी एका मासिकात कारण सापडलं, तेव्हा कुठं तिला झोप लागली.

तिनं साबणाची डबी महाराजांच्या यंत्राशेजारी ठेवली. तिथंही एन, ई आणि हलणारे आकडे दिसले.

"एन म्हणजे नॉर्थ, उत्तर. ई म्हणजे ईस्ट, पूर्व," ती म्हणाली. "उपग्रह म्हणजे ग्रहांचे साहेब नव्हेत. माणसांनी आकाशात सोडलेली यंत्रं ती. अमेरिकेच्या ज्या लष्करानं सोडली, ते शत्रूला नेमकी जागा कळू नये म्हणून संदेशात मुद्दाम चूक मिसळतं. त्या चुकीनं आकडे हलतात. पटत नसेल तर दोन्ही डब्या वाटेल तिथं नेऊन ठेवा."

"गुत्त्यावर नेऊ या," फौजेतून निवृत्त झालेले भाऊसो म्हणाले. सगळी गर्दी गुत्त्याकडं निघाली. पायरीवर डब्या ठेवल्या. आकडे तसेच हलले.

"महाराज, देवी गुत्त्यातबी फिरतीया व्हय?" भाऊसोंनी शांतपणे विचारलं.

"देवी सर्वव्यापी हाय!" महाराजांनी घाम पुसला.

मनुबाई पुढं आल्या. "आवं, समदीकडंच हाय म्हंता, मग माझंच रान कशापायी? तुमच्या रानात बांधा की देऊळ."

महाराजांनी आपलं यंत्र उचलून झोळीत टाकलं. बारा उपग्रहही मदतीला आले नाहीत. मनुबाई उसाला पाणी द्यायला निघून गेल्या आणि सही राहिली ती राहिलीच.

यंत्र फक्त आकडे दाखवतं; त्यात देवी घालतो तो माणूस. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो दुसऱ्या जागी नेऊन पाहावा आणि यात फायदा कुणाचा, हे विचारावं. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो महाराज.