नदीकाठच्या सुनेचा टाका

मले कोनी इचारलं, गोकुळाबाई, तुमच्या घरात हुशार हात कोनाचा, तर मी छाती ठोकून सांगते, माझ्या सुनेचा, कुंताचा. पन हे कबूल करायले मले आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी काय केलं तेबी सांगते. आता लपवून काय करू?

आमी ढीवर, मासे धरनारे. नागभीडच्या अंगाले, तलावाच्या पाळीजवळ आमचं घर. जाळं विनावं तर गोकुळानं, असं चार गावांत म्हनत. अन् कुंता पडली वैनगंगेकाठची. लगीन होऊन वरीस झालं तरी म्या तिले जाळ्याले हात लावू दिला नाई. "नदीवाल्यांची गाठ येगळी, आमची येगळी. तू भात रांध," असं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. ती बिचारी मुकाट्यानं रांधे. माहेराहून तिनं एकच जितं जनावर आनलं होतं, एक पिवळी कोंबडी. तिच्या मायनं टोपल्यात घालून दिलेली. त्या कोंबडीशी ती माझ्यापेक्षा जास्त बोले.

आमच्या मासेमारांच्या सोसायटीत जाळ्यासाठी नायलॉनचा धागा पहिल्यांदा आला, त्या सालची गोष्ट. मोहफुलाचे दिवस होते. मी, कुंता अन् तिचा नवरा, माझा पोरगा लच्छू, सकाळीच मोह वेचायले गेलो. कोंबडी नऊ अंड्यांवर खुडूक बसली होती. घरी येऊन पायतो तर आंगनभर पिसं! मुंगसानं तिले धरलं होतं, पन पठ्ठीनं टोपलं सोडलं नाई. अंडी शाबूत, अन् हिचाच गळा फाटलेला.

कुंतानं चार तांदूळ टाकले. कोंबडीनं टिपले, अन् चारही तांदूळ गळ्याखालच्या भोकातून भुईवर पडले. आतली दान्याची थैलीच फाटली होती. पोटात काई जाईना. असं किती दिवस जगते जीव?

"माय, मरायच्या आधी कापून घेऊ," लच्छू म्हनला. "संध्याकाळी रस्सा तरी होईल."

कुंतानं कोंबडी पदराखाली घेतली. "हिच्यावर सुरी चालवसाल तर मी आजच माहेरी जाते. अन् परत येत नाई."

वर्षभरात पहिल्यांदा मी तिचा आवाज असा आयकला. लच्छूचं तोंड उतरलं. मले राग आला, अन् खरं सांगू का, बरंबी वाटलं. एवढी ठसक्याची असन असं वाटलं नव्हतं.

"खाली बस," म्या म्हटलं. "जाळ्याची भोकं बुजवता बुजवता माझे केस पिकले. एका कोंबडीचं भोक मले जड आहे का?"

"आत्याबाई, आधी आतली थैली, मंग वरची कातडी..."

"घट्ट धर. बोलू नको."

नवा नायलॉन घेतला. थैली अन् कातडी एकाच टाक्यात ओढली, सहा गाठी मारल्या. अशा झाक बसल्या का मीच पायत राह्यली. कुंतानं चमच्यानं पानी पाजलं. दोन गाठींच्या मंधातून थेंब आला. मंग दुसरा. मंग सारं पानी तिच्या पिसांवरून माझ्या लुगड्यावर.

कुंता पदरानं कोंबडीची पिसं पुसत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं, मले भांडता तरी आलं असतं. माझं मले समजलं होतं. जाळं विनताना आपन पानी जायले जागा सोडतो. जन्मभर हातानं तेच केलं, अन् कोंबडीच्या गळ्यातबी हात तेच करून बसला. हत् तुझ्या, गोकुळा!

"आत्याबाई, आता मी करू?" कुंतानं हळूच इचारलं. "माझ्या मायनं अशा दोन शिवल्या आहेत. मी पायलं आहे."

म्या सुई तिच्या हातात दिली.

तिनं माझ्या गाठी कापल्या. मिठाच्या कोमट पान्यानं जखम धुतली. रिळाचा साधा दोरा उकळून घेतला. आधी आतली थैली शिवली, बारीक, चिकटून चिकटून टाके, अन् मंग कातडी येगळी. वर हळद दाबली. कोंबडी एकदाबी फडफडली नाई. मंग पानी पाजलं. मी वाकून पायत होती. एक थेंब आला नाई, बाप्पा!

अंडी तिनं आधीच गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवली होती. दिवस मावळायच्या आत कोंबडी लटपटत टोपल्याकडं गेली अन् त्या अंड्यांवर बसली. कुंता ढसाढसा रडली. म्या तिच्यासाठी चहा ठेवला. त्या घरात सुनेसाठी पहिल्यांदाच.

रोज पेज पाजली. पाचव्या दिवशी सात पिल्लं निघाली. शेजारची मंगली पिल्लं पायले आली अन् डोळे मोठे करून म्हनली, "गोकुळाबाई, काय हात आहे वं तुमचा! फाटलेली कोंबडी शिवली!"

अन् मी चूप राह्यली. कुंता चुलीपुढं होती. तिनं आयकलं, अन् चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मंगलीच्या तोंडून गोष्ट तलावावर गेली, तलावावरून गावात. जो तो माझं नाव घे, अन् मी मान डोलवत होती.

आठव्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव आले. कोंबडबाजारात त्यांच्या झुंजीच्या कोंबड्याचा गळा दुसऱ्या कोंबड्याच्या पायाले बांधलेल्या कातीनं चिरला होता. मांगं धा-पंधरा मानसं, मंगली सगळ्यात पुढं.

"गोकुळाबाई, हात तुमचाच पायजे. दुसऱ्या कोनाले लावू देनार नाई."

म्या सुई उचलली. मनात आलं, आता पायलं तर आहे, आधी थैली, मंग कातडी. जमून जाईल. कोनाले समजते? तेवढ्यात ती पिवळी कोंबडी सात पिल्लं घेऊन माझ्या पुढ्यात आली अन् दाने टिपू लागली. एकबी दाना खाली पडला नाई. म्या सुई खाली ठेवली.

"गुणवंतराव," म्या म्हटलं, सगळ्यायले आयकू जाईल असं, "म्या शिवली तवा कोंबडी गळली. टिकली ते माझ्या सुनेच्या हातानं."

गुणवंतराव चुळबुळले. "हे? हे तर नदीकाठची पोरगी. इतके दिवस तर तुमी..."

"इतके दिवस मी खोटी होती, बस? अन् पोरगी नदीकाठची नाई, माझ्या घरची आहे. शिवून घ्याचं असन तर बसा, नाई तर घरी नेऊन रस्सा करा!"

मानसं हसली. गुणवंतराव बसले.

कुंता हात पुसत बाहेर आली. जाळं विनायचा माझा पाट, ज्याच्यावर घरात दुसरं कोनी बसत नाई, तो म्या तिच्याकडं सरकवला. ती बसली. कोंबडा म्या माझ्या मांडीवर दाबला. तिनं सुईत दोरा ओवला, माझ्याकडं पायलं, अन् ओठातल्या ओठात हसली.

"आत्याबाई, घट्ट धरा. बोलू नका."

म्या घट्ट धरला. साऱ्या गावासमोर, मान ताठ करून. अन् एक शब्द बोलली नाई.