पुढच्या दोन बाकांचा संदेश

“गोळ्या कधीपासून बंद आहेत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दुभाषीबाईंनी तो प्रश्न हातांच्या खुणांनी टेलरताईंपुढे मांडला आणि उत्तरासाठी खाटेकडे वळल्या.

खाटेवर टेलरताईंची धाकटी बहीण बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, कपाळावर चार टाके. सकाळी लॉन्ड्रीत इस्त्री करताना तिला फिट आली, आणि पडता पडता हात तापलेल्या इस्त्रीखाली गेला. धाकटीला ऐकू येत होतं, बोलता येत होतं, चांगलं भरपूर येत होतं. दुभाषीबाईंना बोलावणं गेलं होतं ते थोरलीसाठी. टेलरताई जन्मापासून बहिऱ्या, आणि घरात ह्या दोघीच. डॉक्टर जे सांगतील ते थोरलीला कळणं भाग होतं.

“दोन महिने झाले असतील,” धाकटी म्हणाली.

“कुणाला विचारून बंद केल्या?”

“आमच्या चर्चच्या पाळकांनीच सांगितलं. ज्याचा विश्वास पक्का, त्याला गोळी कशाला लागते? दर रविवारी सांगतात ते. ही पण असते की पहिल्या बाकावर. विचारा हिलाच.”

दुभाषीबाईंचे हात छातीपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

बावीस वर्षं त्या हे काम करत होत्या. कोर्टात, बँकेत, बाळंतपणाच्या खोलीत, कुठेही त्यांचे हात असे अडकले नव्हते. टेलरताईंनी भुवया उंचावल्या. काय म्हणाली ही? धाकटीला धीर कुठला निघायला. तिने डाव्या हाताने, लहानपणी दोघींनी मिळून रचलेल्या घरगुती खुणांत, स्वतःच सांगून टाकलं. पाळक. गोळ्या. फेकून द्या.

टेलरताईंना हसू आलं.

“डोक्याला मार लागलाय हिच्या,” त्यांनी दुभाषीबाईंना खुणेने सांगितलं. “पाळक म्हणाले होते, गोळी घेताना देवाचे आभार माना, डॉक्टरांचे हातही त्याचेच आहेत. तूच तर सांगितलंस. आता सांग हिला.”

आणखी एक खोटं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ते दुभाषीबाईंच्या मनात आलं नाही असं नाही. पण पट्टीतला तो हात समोर होता, आणि त्याच्याकडे बघून खोटं बोलण्याइतकी ही बाई निगरगट्ट नव्हती.

“धाकटीचं बरोबर आहे,” त्यांचे हात म्हणाले. “पाळक तसंच म्हणाले होते. मी तुम्हाला वेगळं सांगितलं.”

टेलरताईंनी ते परत सांगायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

“काय झालं काय?” डॉक्टरीणबाई दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या. “मला कुणी सांगेल का?”

झालं होतं ते असं. अकरा महिन्यांपूर्वी चर्चच्या मंडळीत नवे पाळक आले. माणूस दिसायला रुबाबदार, आवाज असा की शेवटच्या बाकावर पेंगणाराही ताठ बसावा. पहिल्याच रविवारी त्यांनी पुढच्या दोन बाकांकडे बोट केलं. तिथे सात बहिरी माणसं बसायची, आणि त्यांच्यासमोर, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, दुभाषीबाई उभ्या असायच्या.

“देवाच्या घरात ही बहिऱ्यांची बाकं अजून भरलेली का आहेत?” पाळकांनी विचारलं. “कारण ह्या लोकांचा विश्वास उणा आहे.”

सात जोड्या डोळे दुभाषीबाईंच्या हातांवर लागले होते. त्यांना एकदम आपला भाऊ आठवला. तोही बहिरा. नऊ वर्षांचा असताना एका उपदेशकाने त्याच्या कानांत बोटं घालून, डोकं गदागदा हलवून अर्धा तास प्रार्थना केली होती, आणि शेवटी, पोरगं मनाचं कठीण आहे, असं आईला सांगून चालता झाला होता. भाऊ त्यानंतर चर्चची पायरी कधी चढला नाही. दुभाषीबाईंचे हात आपोआप वेगळंच सांगून मोकळे झाले. ही बाकं भरलेली बघून देवाला आनंद होतो.

एकच वाक्य. पुढच्या रविवारी दोन झाली, मग चार, मग हिशेबच राहिला नाही. पाळक ओरडून सांगायचे, आजार म्हणजे लपवलेलं पाप. हात सांगायचे, आजाऱ्याच्या उशाशी प्रभू बसून राहतो. सातही जण संदेशावर बेहद्द खूश होते. उपासना संपली की पाळकांचे हात धरून जोरजोरात हलवायचे, आणि आपल्या शब्दांत केवढी ताकद आहे, असं वाटून पाळक आणखी फुलायचे. दुभाषीबाईंना यात पापबिप काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडा गर्वच होता.

आता वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर टेलरताईंनी दुभाषीबाईंना बसवलं आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या.

“माझे मालक गेले, त्यानंतरचा रविवार,” त्यांनी खुणांनी विचारलं. “रडणाऱ्याला देव घाई करत नाही. ते कुणाचं?”

“माझं.”

“प्रभूला विहिरीवर भेटलेल्या बाईवरचा संदेश?”

“अर्धा त्यांचा.”

“क्षमा करायला वेळ लागला तरी चालतो?”

“माझं.”

टेलरताईंनी डोळे मिटून घेतले. रडणाऱ्याबद्दलचं ते वाक्य त्यांनी पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्याने भरून शिलाई मशीनच्या वर लावलं होतं. कापड शिवता शिवता रोज दहादा वर बघायच्या. कितीतरी दिवस त्या एका वाक्यावर त्यांनी काढले होते.

“दोन महिन्यांपूर्वी धाकटीने मला विचारलं,” आता त्यांचे हात सावकाश चालत होते. “पाळक गोळ्यांबद्दल म्हणतात तसं करू का? मी म्हटलं, कर की, बरोबरच सांगतात ते. पाठ थोपटली मी तिची.”

हे दुभाषीबाईंना माहीत नव्हतं. असं काही होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“तो माणूस विष पाजतो,” त्या कशाबशा म्हणाल्या. “ते तुमच्यापर्यंत पोचू नये, एवढंच मला वाटत होतं.”

“सुती म्हणून दुकानदार काय वाटेल ते खपवतो. मी काय करते, पाहिलंयस तू. कडेचा एक धागा ओढते आणि काडी लावते. राख झाली तर सुती, गोळा झाला तर नकली. मला कापडाची पारख आहे, तशी शिकवणीचीही केली असती. तू मला धागाच हाताला लागू दिला नाहीस. बहिरी आहे म्हणून अक्कल नाही, असं वाटलं का तुला?”

दुभाषीबाई रडायला लागल्या. टेलरताईंनी त्यांना रडू दिलं. जवळ घेतलं नाही, की पाठीवरून हातही फिरवला नाही.

इकडे धाकटीने नर्सने दिलेली गोळी बशीतच ठेवली होती.

“गोळी नव्हती म्हणून फिट आली नाही,” ती डॉक्टरीणबाईंना अगदी शांतपणे समजावत होती. “माझा विश्वास कमी पडला म्हणून आली.”

डॉक्टरीणबाईंनी मग थोरलीशी स्पष्टच बोलून घेतलं, आणि ह्या वेळी दुभाषीबाईंच्या हातांनी एक अक्षरही गाळलं नाही. इंजेक्शनमधून दिलेल्या औषधावर दोन-चार दिवस निघतील. घरी गोळ्या सुरू झाल्या नाहीत, तर पुढची फिट येणारच. ती इस्त्रीपाशी येईल की भर रस्त्यात, कुणी सांगू शकत नाही. बाई वाचेलच याची खात्री कुणी देणार नाही.

घरी आणल्यावर टेलरताईंनी सगळं करून पाहिलं. विनवण्या केल्या, रागावल्या, एक दिवस स्वतः जेवल्या नाहीत. धाकटीचं एकच पालुपद होतं. पाळक घे म्हणाले तर घेईन.

रविवारी सकाळी चर्चच्या फाटकाशी टेलरताईंनी दुभाषीबाईंना गाठलं.

“आज ते बोलतील ते जसंच्या तसं पाहिजे. आमच्या सगळ्यांना मी सांगून ठेवलंय. आणि साक्षीच्या वेळी मी उठणार आहे. माझं बोलणंही जसंच्या तसं सांगायचं.”

दुभाषीबाईंनी मान हलवली.

त्या रविवारी पुढच्या दोन बाकांनी पाळकांचा संदेश पहिल्यांदा ऐकला. व्याधी हे शापाचं चिन्ह आहे. औषधाची बाटली म्हणजे देवावरचा अविश्वास बूच लावून बंद केलेला. बहिरेपण म्हणजे आतलं बंड. हात सांगत गेले आणि समोरचे चेहरे उतरत गेले. सुतारकाका वयाने सगळ्यात मोठे, आणि चर्चमधली निम्मी बाकं त्यांच्याच हातची. शेवटचं वाक्य बघून त्यांनी शेजारणीला कोपराने ढोसलं, हे खरंच असं म्हणतायत का? शेजारणीने तोंडावर हात घेतला होता. धाकटी एरवी मागे, ऐकू येणाऱ्यांत बसायची; आज ती टेलरताईंच्या बाजूला बसून प्रत्येक वाक्यावर आमेन म्हणत होती.

साक्षीची, म्हणजे मंडळीतल्या कुणीही उठून आपला अनुभव सांगायची, वेळ झाली. टेलरताई उठून पुढे आल्या आणि दुभाषीबाईंकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बहिऱ्या माणसाचं बोलणं दुभाष्याने ‘मी’ म्हणूनच सांगायचं असतं, तसा नियम आहे. दुभाषीबाईंनी माइक जवळ ओढला.

“मी अकरा महिने तुमच्यासमोर बसते, पण तुमचा संदेश मी कधी ऐकलाच नव्हता,” त्या म्हणाल्या. “माझी दुभाषी माझ्याशी खोटं बोलत होती. तुमचं म्हणून ती मला स्वतःचं सांगत होती.”

दोनशे माणसांतून कुजबुज गेली. यातला एखादा शब्द बदलला असता तर धाकटी सोडून ऐकणाऱ्यांपैकी कुणाला पत्ताही लागला नसता. दुभाषीबाईंनी शब्द बदलला नाही.

“आज मी तुम्हाला ऐकलं. प्रभूकडे एका बहिऱ्याला लोक घेऊन आले, ती गोष्ट मी शंभरदा वाचलीय. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेलं. तुझा विश्वास किती, असं विचारलं नाही. तुझं पाप कोणतं, असंही विचारलं नाही. तुम्ही मात्र आम्हाला गर्दीसमोर उभं करता आणि दोन्ही विचारता. माझ्या बहिणीला गोळ्या फेकायला सांगणारा हा तुमचा प्रभू कोणता, एवढंच मला विचारायचंय.”

पाळक मात्र गडबडले नाहीत. त्यांनी जरा हसूनच दुभाषीबाईंकडे पाहिलं.

“बाई, तुम्ही खोटं सांगता, हे आत्ता तुमच्याच तोंडून ऐकलं आम्ही. मग हे ह्या ताईंचं कशावरून? हेही तुमचंच असेल.”

मागून कुणीतरी, बरोबर आहे, असं म्हणालं.

धाकटी उभी राहिली.

“ताईचंच आहे,” ती म्हणाली. “मला कळतं तिचं बोलणं. एक शब्दही इकडचा तिकडे झालेला नाही.”

“मग तूच ये पुढे, बेटा,” पाळक मायेने म्हणाले. “माझं उत्तर तूच सांग तिला. म्हणावं, तुझ्या बहिणीचा विश्वास उणा पडला. म्हणून देवाने तिला पाडलं, आणि तिचा हात भाजला. तिला शिकवण्यासाठीच भाजला.”

धाकटी ताईसमोर येऊन उभी राहिली. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्यानेच सुरुवात केली. घरगुती खुणांत विश्वासाला खूण नव्हती. लहानपणी कधी लागलीच नव्हती. तिने नुसता छातीवर तळवा ठेवला आणि मान हलवली. मग बोट वर केलं, देव. मूठ आपटली, पाडलं. पुढचं सांगायला तिला स्वतःच्याच पट्टीकडे बोट करावं लागलं. मग पुन्हा वर, देवाकडे. मग पुन्हा पट्टीकडे. ह्याने हे केलं.

तिचं बोट पट्टीवर तसंच राहिलं. टेलरताई धाकटीकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. धाकटीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे. ह्यावर तिने आमेन म्हटलं नाही. मग तिने बोट आणि अंगठा जुळवून दवाखान्यात केली होती तीच लहानशी खूण केली आणि तळवा पुढे केला.

“काय म्हणाली ती?” पाळकांनी विचारलं.

धाकटीने मागे वळून पाहिलं नाही. पाळकांनी पुन्हा विचारलं, ह्या वेळी दुभाषीबाईंना.

दुभाषीबाईंनी माइक तोंडाशी नेला.

“ताई, गोळ्या कुठे ठेवल्यास?” त्या म्हणाल्या.