उघडा टाळ

टाळ नुसता आपटला की वाजतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कधी हातात धरलेला नसतो. उजव्या हाताने घाव घालायचा आणि त्याच क्षणी डावी मूठ हलकी सोडायची. मूठ सुटली की टाळ बोलतो. नाही सुटली तर खट्ट करून गप्प बसतो. पॅरालिसिसच्या झटक्यातून हे उठले, चालायला लागले, उजवा हात तर पहिल्यासारखा झाला. डावी मूठ मात्र सुटेना.

हे हवाई दलात विमानांच्या हायड्रॉलिक्सवर होते. शेवटचं पोस्टिंग चंदीगडचं, आणि मुलानेही इथेच घर केलं, म्हणून आम्ही राहिलो. इथल्या मराठी मंडळींच्या हॉलमध्ये निशिगंधाचं कीर्तन असतं. पोरगी चंदीगडजवळच्या खरडला राहते, आठवडाभर मोहालीत कॉम्प्युटरसमोर बसते आणि रविवारी नऊवारी नेसून उभी राहिली की ओळखू येत नाही. काय गळा दिलाय देवाने! तिच्या मागे टाळ धरायचा तो ह्यांनीच. झटक्यानंतर हे शेवटच्या रांगेत बसायला लागले, आणि पुढे पुढे "आज नको, गुडघा दुखतोय" म्हणायला लागले. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

आमची सून हिमानी हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं काम करते. यंत्र बनवण्याआधी ते आकड्यांत बनवायचं, कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, त्याला ती सिम्युलेशन म्हणते. तिने ह्यांच्यासाठी एक हातमोजा केला. बोटांच्या पाठीवरून रबरी नळ्या. त्यांत हवा भरली की बोटं उघडतात, सोडली की मिटतात. उजव्या मनगटाला एक पट्टा. हात घाव घालायला निघाला की त्याला कळतं.

"आमच्या विमानात तेल असायचं," हे म्हणाले. "तेल दबत नाही. इकडे ढकललं की तिकडे हललं. तुझी हवा लाडावलेली. आधी स्वतः दबणार, मग काम करणार."

"तेल भरते की बाबा. सोफ्यावर गळलं तर आई मला घराबाहेर काढतील."

"सोफा तुझाच आहे गं बाई," मी म्हटलं.

मोजा आधी उशिराच उघडायचा. घाव पडून जायचा आणि मग बोटं सावकाश जागी व्हायची. हिमानीने ह्यांचा हात किती ताठ आहे ते मोजलं, हवेला नळीतून यायला लागणारा वेळ धरला, आणि पडद्यावर एक हात काढून तो अगदी वेळेवर उघडून दाखवला. मग एका संध्याकाळी, चहा झाल्यावर, खरा टाळ बोलला. लांबलचक, स्वच्छ. तो ऐकून ह्यांचे डोळे भरले आणि पुढचा घाव खट्ट पडला.

"नळी वाकली असेल," हिमानी म्हणाली.

त्या रविवारी हे इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी तयार. हॉलमध्ये निशिगंधाने वाकून नमस्कार केला. "सदाशिवकाका, तुमच्यावाचून माझा गजर लंगडत होता." हे तिच्या मागे बसले. हिमानी लॅपटॉप घेऊन ह्यांच्या पाठीशी, हवेचा छोटा पंप शालीत गुंडाळलेला.

पूर्वरंगात टाळ छान चालला. मग आख्यान रंगलं. देव भक्ताच्या घरी जातं ओढायला बसतो, तो प्रसंग आला. निशिगंधा म्हणाली, "ज्याने जग फिरवलं, त्याच्या हाताला फोड आले हो!" आणि गजर उसळला. सगळा हॉल टाळ्या देऊ लागला. ह्यांचा चेहरा तर उजळून निघाला होता. आणि टाळ, खट्ट. पुन्हा खट्ट. मूठ अशी आवळलेली की काही विचारू नका. हिमानीने दाब वाढवला. आणखी वाढवला. ह्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडली, पण तोंडातून हूं नाही. मी हिमानीचं मनगट धरलं.

"बंद कर आधी!"

फुस्स करून हवा सुटली. निशिगंधाने मागे पाहिलं आणि मायेने गजर संथ केला, ह्यांना गाठता यावा म्हणून. ते ह्यांना कळलं. ह्यांनी टाळ मांडीवर ठेवला.

परतताना गाडीत हिमानीने लॅपटॉप पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, मला ग्राफमध्ये दिसलं. भरून आलं की तुमचा हात जास्त ताठतो. झटक्यानंतर असं होतं. मी मोजला तेव्हा तुम्ही सोफ्यावर आरामात होता. मी त्या हाताचं मॉडेल केलं. हा हात वेगळाच आहे."

"मग आता?" ह्यांनी विचारलं.

"हवा याहून वाढवली तर बोट मोडेल." ती अडखळली. "तुम्ही जरा शांत राहिलात तर होईल. म्हणजे... फार मनावर नाही घ्यायचं. जमेल ना?"

हे खिडकीतून बाहेर बघत होते. "बघू," म्हणाले.

रात्रीची झोप मोडून पोरीने मोजा केला होता.

पुढच्या कीर्तनाला हे पुन्हा मागे बसले. निशिगंधाने त्या दिवशी असं आख्यान लावलं की बायका पदराने डोळे पुसत होत्या, मलाही पुढचं दिसेना. गजर चढत चढत पार टिपेला गेला. आणि टाळ! एकही घाव चुकला नाही. दर घावाला मूठ सुटत होती. शेजारच्या ढिल्लनबाई मराठी कळत नसूनही येतात, त्या माझ्या कानाशी लागल्या, "अंकलजी ने ते कमाल कर दित्ती!" हिमानी लॅपटॉप सोडून तोंडावर हात ठेवून रडत होती.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. चेहरा कोरा. बँकेत नंबर यायची वाट बघत बसलेला माणूस असतो, तसा.

आरती झाली. सगळ्यांनी ह्यांना घेरलं, पाठ थोपटली, निशिगंधाने स्वतःच्या गळ्यातला हार ह्यांना घातला. हे हसून सगळ्यांना "जी, जी" म्हणत होते. गर्दी पांगल्यावर बाहेर चपलांपाशी आम्ही दोघंच होतो.

"अहो, किती सुंदर वाजवलंत," मी म्हटलं.

"विमल," हे हळूच म्हणाले, "मी मनातल्या मनात विमानाची चाकं तपासत होतो. एकेक व्हॉल्व्ह, एकेक नळी. निशिगंधाचा शब्द कानावर आला की पुन्हा पहिल्या व्हॉल्व्हपासून." ह्यांनी गळ्यातला हार उतरवला. "आज आख्यान कुणाचं होतं गं?"

तेवढ्यात हिमानी मोजा छातीशी धरून धावत आली, डोळे अजून ओलेच.

"काय म्हणतायत बाबा?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "चप्पल सापडत नाहीये त्यांची."

हे लगेच खाली वाकले आणि पायातलीच चप्पल शोधू लागले.