सणसरचा दुधाचा नळ

त्या दिवशी सकाळी सणसरच्या कौसल्याबाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापायला जागा उरली नव्हती. ओट्यापासून पडवीपर्यंत आणि पडवीपासून थेट सोसायटीच्या गोदामापर्यंत माणसांची रांग लागली होती. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात कॅन. सिंधुबाई तर घाईघाईत प्रेशर कुकरच घेऊन आल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी खिळलेल्या, सिंकवरच्या नव्याकोऱ्या नळावर. कारण तो नळ फिरवला की पाणी येत नव्हतं. दूध येत होतं! पांढरंशुभ्र, फेसाळ, नुकतंच काढल्यासारखं.

एरवी जिथं पिठाचा डबा असायचा, तिथं ओट्यावर तात्याबा महाराज मांडी ठोकून बसले होते.

"नळ न्हाई बाळांनो, क्षीरगंगा हाय ही! काचेच्या भांड्यात घ्यायची न्हाई, तपासायला धाडायची न्हाई, आन् मनात शंका धरून तर मुळीच प्यायची न्हाई!"

मग महाराज तांब्याच्या पेल्यात धार धरत. पांढऱ्या धारेनं भरलेला पेला सगळ्यांना दाखवत, त्यावर पिवळा रुमाल टाकत आणि डोळे मिटून लांबलचक मंत्र पुटपुटत. रुमाल काढला की पेल्यात नितळ पाणी!

"देवानं दूध घेतलं, तुमच्यासाठी तीर्थ ठिवलं!"

रांगेतून जयजयकार उठे आणि शेजारच्या ताटात नोटा पडत.

या सगळ्याची सुरुवात अगदी साध्या गोष्टीनं झाली होती. स्वयंपाकघरातला जुना नळ गळायचा. कौसल्याबाईंनी त्याला चिंधी बांधून बघितली, दोरा गुंडाळून बघितला, शेवटी नवऱ्याला, जोतीराम आबांना, घेऊन बारामती गाठली. दुकानात भिंतभर नळ लावलेले. आबा म्हणाले, "सगळ्यांतनं पाणीच येतंय न्हवं? घे कुठलाबी." पण कौसल्याबाई पक्क्या. खाली घागर मावली पाहिजे, मान दोन्हीकडं वळली पाहिजे, आणि हात पिठाचे असले तर कोपरानं उघडता आला पाहिजे. दुकानदारानं उंच मानेचा एक नळ पुढं केला. "मावशी, ह्याच्या तोंडाला जाळी हाय. पाणी अंगावर उडत न्हाई." झालं, तोच घेतला.

प्लंबर सिद्धू बसवायला आला तेव्हा लाइट गेलेली होती. त्यानं आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, पान्यानं नट आवळला, नळ उघडला. बारीक धार आली, थेंब कुठं गळला नाही. "झालं बघा काकी," म्हणून तो पुढच्या कामाला गेला. दुपारी लाइट आली, छतावरच्या टाकीचा प्रेशर पंप सुरू झाला. कौसल्याबाईंनी तांदूळ धुवायला नळ उघडला आणि पातेलं हातातून सुटलं. किंचाळी ऐकून शेजारची सारजा धावत आली. सारजाच्या कानावर पडलेली गोष्ट अंथुर्ण्यापर्यंत जायला गाडी लागत नाही. दुसऱ्याच दिवशी पळसदेवच्या बाजूनं महाराजांची जीप दारात हजर!

खरं सांगायचं तर कौसल्याबाईंनाही सुरुवातीला बरं वाटलं. हळदीकुंकवाला ज्या बायका त्यांच्याकडं पाहायच्या नाहीत, त्या आता पाया पडत होत्या. आपण काहीतरी पुण्य केलं असणार, असं त्यांचं त्यांनाच वाटू लागलं.

अडचण झाली ती आबांची. आबांना बरीच वर्षं शुगर. गोळ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा. महाराजांनी तो नेमका हेरला.

"क्षीरगंगा पोटात गेल्यावर गोळ्या कशाला, जोतीरामराव? दोन डगरींवर पाय ठिवणारा मधीच पडतो!"

आबांनी गोळ्यांचं पाकीट खिडकीतून परसात भिरकावलं. वर प्रसादाचे पेढे दोन्ही वेळा. आठवडा झाला नाही तोच आबांची तहान भागेनाशी झाली. तांब्यामागून तांब्या रिचवायचे आणि सारखे लघवीला उठायचे. कौसल्याबाईंनी धीर करून विचारलं, तर महाराज हसले. "आतला दोष धुऊन निघतोय, माउली!"

पण कौसल्याबाईंच्या मनात एक खडा टोचतच राहिला. लाइट गेली की नळाला दूध येत नसे, नुसती पाण्याची बारीक धार. महाराज सांगत, "देव वामकुक्षी घेत्यात." पण देवाची वामकुक्षी आणि वायरमनचं वेळापत्रक इतकं तंतोतंत जुळतं कसं? देवाला लाइट कशाला लागते?

आणि रांग लागली त्या दिवशी सकाळी आबा अंथरुणावरून उठलेच नाहीत. काही विचारलं की भलतंच बरळत होते. कौसल्याबाई मागच्या दारानं निघाल्या ते एसटी थांब्याजवळच्या दवाखान्यात पोचल्या. डॉक्टर अंजली गावातल्याच, बौद्धवस्तीतल्या धोंडीबा मास्तरांची नात. सगळं ऐकून घेत त्यांनी बॅग उचलली.

आबांची जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. अंजलीनं बोटाला सुई टोचून थेंब मशीनला लावला.

"किती हाय?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"आकडाच येत नाही. नुसतं इंग्रजीत 'हाय' लिहून आलंय."

"हाय म्हंजे? काय हाय?"

"काकू, मशीनला मोजता येणार नाही इतकी शुगर आहे. आत्ताच्या आत्ता बारामतीला न्यायला पाहिजे."

पण मागच्या दाराशी नुसती उसातली पायवाट, तिथं गाडी येत नाही, आणि पुढच्या दारात माणसांची भिंत उभी. महाराजांनी ओट्यावरूनच आवाज चढवला, "आज महाअभिषेक हाय! घरधन्यानं उंबरा वलांडला तर क्षीरगंगा आटंल! आन् ह्या बाईला आत कुणी घेतलं? ह्यांच्यात देवच मानीत न्हाईत. ह्यांचा हात लागला म्हंजी..."

"त्यो हात माझ्या मालकाची नाडी बघतोय," कौसल्याबाई ताडकन म्हणाल्या. "तुमचा हात ताटात हाय."

सगळे चपापले, पण वाट काही कुणी सोडली नाही. क्षीरगंगा आटली तर पाप कुणाच्या माथी? अंजलीनं हे ओळखलं.

"काकू, काचेचा ग्लास हाय का?"

"काच चालत न्हाई!" महाराज ओरडले.

"का हो? देव काचेला भितो?" असं म्हणत कौसल्याबाईंनी फळीवरचा ग्लास काढला आणि धारेखाली धरला. ग्लास पांढराफेक भरला. त्यांनी तो सगळ्यांसमोर उंच धरला. ना रुमाल, ना मंत्र. बघता बघता तळ नितळ झाला, मग वरचा थर, मग त्याच्या वरचा. इवले इवले बुडबुडे वर चढताना दिसत होते.

"देव पितोय!" सारजा कुजबुजली.

"तळापासनं व्हय, सारजाकाकी? नळीनं पितोय का?" अंजली म्हणाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

कौसल्याबाईंचा हात आता थांबेना. त्यांनी दुसरा पेला भरला आणि त्यात लिंबू पिळलं. "दूध असंल तर नासंल." पांढरेपणा विरला, पण चोथा काही धरला नाही. लिंबूपाणी तेवढं झालं!

"पंप पाणी जोरानं ढकलतो," अंजली म्हणाली, "आणि नळाच्या तोंडाची जाळी त्यात हवा मिसळते. लाखो बुडबुड्यांवर उजेड पडला की पाणी पांढरं दिसतं. हवा निघून गेली की पाणी पाण्यासारखं. महाराजांचा मंत्र लांबतो तो तेवढ्यासाठीच. आणि लाइट गेली की पंप बंद, मग दूधही बंद."

जाळी! कौसल्याबाईंना दुकानदार आठवला. त्यांनी नळाच्या तोंडाशी हात घातला, जाळी गरागरा फिरवून काढली आणि नळ सोडला. पाण्याची सरळ, स्वच्छ धार पडली. रांगेतून "आँ?" असा आवाज आला. मग त्या तडक संडासाशेजारच्या बेसिनपाशी गेल्या. तिथल्या नळाची जाळी क्षार साचून कधीच निकामी झाली होती. ती काढून त्याच आट्यांवर त्यांनी ही जाळी बसवली आणि नळ उघडला.

बेसिनमध्ये दूध!

"बघा, क्षीरगंगा हितं आली! मांडा हितं चौरंग, महाराज!"

घर हसून हसून दणाणलं. महाराज ओट्यावरून उतरले आणि ताट काखोटीला मारणार, तोच सिंधुबाई कुकर घेऊन आडव्या आल्या. "ताट हितंच ऱ्हाऊ द्या. ज्याचं त्याला देऊ." महाराज मागल्या दारानं उसाच्या फडात दिसेनासे झाले. जीप भाड्याची होती. ड्रायव्हरनं स्वतःहून दार उघडलं. "मावशी, घाला आबांना. बारामतीला सोडतो." ज्यांनी वाट अडवली होती त्याच माणसांनी आबांना उचलून गाडीत ठेवलं.

हॉस्पिटलात सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं. दोन दिवसांनी आबांनी कौसल्याबाईंना नावानं हाक मारली, तेव्हा कुठं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र घरी काढली असती तर सांगता आलं नसतं.

आबा घरी आल्यावर सारजा भेटायला आली. म्हणाली, "कौसल्ये, मग आता तू देव मानीत न्हाईस व्हय?"

"देवाचं मी काय बोलले का?" कौसल्याबाई आबांच्या हातावर गोळी ठेवत म्हणाल्या. "पर माझा माणूस जायला लागला व्हता, सारजा. रोज तुझ्यामाझ्या डोळ्यांदेखत, आन् आपण जयजयकार करीत व्हतो. डोकं काय निस्तं पदर घ्यायला दिलंय? उद्या कुणी काय नवल दावलं, तर विचारायचं, असं का होतंय? उजेडात बघायचं, उघडून बघायचं. ज्यो बघू देत न्हाई, त्याच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई. हात जोडायच्या आधी हात लावून बघायचा, एवढंच."