आधी दाखवा, मग ओता

मी वाकडी बोलतेय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. लोक माझ्यात ओकतात. तेच माझं काम आहे आणि मला त्याची लाज नाही.

पत्र्याच्या कारखान्यात एका दणक्यात माझा जन्म झाला. वरून साचा आदळला आणि मी खाली पडले, एका बाजूनं पोट आत गेलेली, काजूसारखी. ही खोड मुद्दाम दिलेली. माणसाच्या हनुवटीखाली, गळ्याशी नीट टेकावं म्हणून. माझ्याबरोबरच्या सरळ बहिणी लोकांच्या घरी गेल्या, कुणी त्यांच्यात फळं मांडली असतील. मी आले कॅन्सरच्या वॉर्डात. सामानाच्या खोलीत माझं नाव किडनी ट्रे. वॉर्डात मात्र कुणाच्या घशाशी आलं की एकच हाक, वाकडी आण गं. मी पोचेपर्यंत पुष्कळदा चादर गेलेली असते.

माणूस ओकताना काय म्हणतो, ठाऊक आहे? माफ करा म्हणतो. आतडी पिळवटून बाहेर यायची पाळी, आणि हा माफी मागतो. मोठमोठे रुबाबदार लोक माझ्यात तोंड घालून माफी मागताना मी पाहिलेत. मला वाटायचं, अरे बाबा, तू औषध घेतलंस, चोरी नाही केलीस.

आमच्या वॉर्डाची सिस्टर म्हणजे अख्ख्या वॉर्डाची सासू. गुडघे दुखायचे, त्यामुळे चालताना डुलायची, आणि जीभ अशी की भिंतीचा रंग उडावा. पण सुई टोचायच्या आधी पेशंटचा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून शिरेची वाट बघत बसायची. कॅन्सरच्या औषधांनी शिरा सुतळीसारख्या कडक होतात, घाई केली तर फुटतात. उशीवर पडलेले केस ती चिकटपट्टीनं उचलून घ्यायची, पेशंट जागा व्हायच्या आत.

आणि तिचा एक नियम होता. उलटी झाली की आधी तिला दाखवायचं, मग ओतायचं. कुणीही असो. ती दुहेरी हातमोजे घालायची, मला खिडकीशी न्यायची, उजेडाकडे तिरपी करून आत बघायची. किती पडलं, पिवळं की हिरवं, अन्न की नुसतं पाणी. नातेवाइकांना सांगायची, उघड्या हातानं धुऊ नका, त्यात औषध असतं, ते तुमच्या कातडीसाठी नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर दोन जावा आल्या. पेशंट धाकटी, पोटात गाठ. सोबतीला थोरली. धाकटीचा नवरा बाहेर बाकावर बसायचा. आत आला की त्याच्या डोळ्यांना पाणी यायचं, म्हणून थोरलीनंच त्याला बाहेर पिटाळलं होतं.

थोरली म्हणजे स्वच्छतेचं वेड. आल्या आल्या तिनं खाटेचे पाय पुसले. मला अशी घासली की माझ्यात तिचं तोंड दिसायला लागलं. धाकटी पडल्या पडल्या म्हणाली, "जाऊबाई, आता मला पण घासून उपडी घालणार का?"

"तू गप पड. घरी असताना एक चमचा धड घासला नाहीस, आणि इथं जीभ चालवतेस."

जन्मभर भांडल्या होत्या दोघी, ते कळत होतंच. आणि धाकटीला उमासा आला की तिचं कपाळ धरायला दुसऱ्या कुणाचा हात चालत नव्हता, तेही कळत होतं.

थोरली सिस्टरचा नियम पाळेना. धाकटीनं तोंड पुसायच्या आत मला उचलायची आणि ओतून, धुऊन हजर. सिस्टर कडाडायची. थोरली मान खाली घालायची आणि पुन्हा तेच करायची. आपल्या घरची घाण परक्या बाईनं का बघावी, एवढंच तिच्या डोक्यात. ज्या घरात सून म्हणून आली तिथं तिनं हेच केलं होतं. आतलं आत ठेवायचं आणि उंबरा पुसून घ्यायचा.

आता धाकटीचं सांगते. तिचा शेवटचा डोस राहिला होता. मागं एकदा ताप आला म्हणून डॉक्टरांनी डोस पुढं ढकलला होता, आणि त्यानंतरच्या तपासणीत गाठ वाढलेली निघाली. त्या दोन गोष्टींची तिनं मनात गाठ मारली. डोस चुकला की आपण संपलो. रोज विचारायची, उद्या लावणार ना, नक्की ना. सकाळी रक्त तपासलं, ते बरं आलं. सिस्टर म्हणाली, उद्या लावू. धाकटी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

दुपार टळली आणि तिला उमासा आला. थोरलीनं मला गळ्याशी धरलं. जे पडलं ते मला आधी कळलं. काळं होतं. चहाच्या चोथ्यासारखं, कणीकणीचं. ते पोटात मुरलेलं रक्त असतं. वर्षानुवर्षं हेच पोटात घेतलंय, मला न कळून कसं चालेल?

थोरलीनं पाहिलं आणि पहिल्यांदाच तिनं मला घाईनं उचललं नाही. दाराकडे वळली. सिस्टर पलीकडच्या खाटेवर सलाइन लावत होती.

धाकटीनं तिचा पदर धरला. "जाऊबाई, नका दाखवू. त्या डोस थांबवतील."

"अगं, काळं आहे."

"सकाळी गोळ्या घेतल्यात, त्याचं असेल. एवढा एकच डोस. मग तुम्ही म्हणाल ते करीन. पाया पडते."

ती धाकटी जन्मात कधी हिच्या पाया पडली नसेल. थोरलीनं मला ओतली. नळ मोठा सोडला. माझ्या काठाला लागलेली एक काळी कणीही तिनं नखानं खरवडून काढली. सिस्टर आली तेव्हा मी लख्ख होते. तिनं विचारलं, काही पडलं का? थोरली म्हणाली, थोडंसं पाणी.

मला तोंड असतं तर. पण मला नुसतं पोट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोस लागला. धाकटी थेंब पडताना बघत होती, जसं कुणी चुलीवरच्या दुधाकडे बघावं. औषध संपलं, आणि दुपारी ती पांढरी पडली. हात गार, बोलणं तुटक. मग माझ्यात मावेना इतकं लाल आलं. सिस्टर दुखऱ्या गुडघ्यांनी पळत आली. खाट पायाकडून उंच केली, डॉक्टरांना हाक घातली, आणि थोरलीच्या खांद्याला धरून विचारलं, "याच्या आधी काय पडलं होतं? रंग सांगा."

दीर दारात उभा होता. त्याच्यासमोर थोरली म्हणाली, "काळं. काल. मी ओतलं."

सिस्टरनं तिचा खांदा सोडला. डॉक्टरांकडे वळून तेवढंच सांगितलं, कालपासून रक्त जातंय. रक्ताच्या पिशव्या आल्या, नळी घातली, रक्त थांबवलं. पण अंगात काही उरलं नव्हतं, आणि त्यात ते औषध आपलं काम करतच होतं. डॉक्टरांनी दिराला बाजूला नेलं. आता डोस नाही. आता फक्त त्रास कमी ठेवायचा.

त्यानंतर थोरली मला प्रत्येक वेळी दाखवायला लागली. माझ्यात नुसती थुंकी असली तरी दोन्ही हातांनी धरून न्यायची, हातमोजे घालून. "बघा सिस्टर, पांढरंच आहे." धाकटी डोळे मिटूनच म्हणाली, "आता दाखवताय होय, जाऊबाई." थोरलीनं तिच्या ओठांवर ओला कापूस फिरवला.

बघण्यासारखं काहीच नव्हतं, हे सिस्टरला माहीत होतं. तरी ती दर वेळी हातातलं काम ठेवायची, मला उजेडाला धरायची, वाकून पूर्ण बघायची आणि म्हणायची, बरं केलंत दाखवलंत, आता ओता. एकदाही चुकली नाही. पुढं धाकटीच्या घशातून काही येईनासं झालं, आणि एका सकाळी श्वासही आला नाही. थोरलीनं तिचं तोंड पुसलं, नखं पुसली, चादरीची सुरकुती काढली. सिस्टर शेजारी उभी राहून हाताखाली बोळे देत होती.

आता वॉर्डात प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यात. ओका, गाठ मारा, टाका. मी बेसिनखाली पडून आहे, माझ्यात घासण्या ठेवतात. उद्या भंगारात गेले तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या माणसाच्या घशातून जे येईल ते झाकू नका. ती घाण नसते, आतली खबर असते.

आणि थोरलीला नावं ठेवू नका. ज्यांचं ओतायलाही कुणी नसतं, अशी माणसं या वॉर्डात मी ढिगानं पाहिलीत.