दगडी सिंहाचा गुडघा

कालव्याकाठच्या बागेत त्या सकाळी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. बाकांवर, पायऱ्यांवर, झाडांच्या पारांवर माणसंच माणसं, आणि सगळ्यांच्या विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. महागुरू हुए एकेकाच्या गुडघ्यावर शिवलेली कापडी पिशवी ठेवत, तिच्यावर थोडा चहा शिंपडत आणि वर तळहात धरून डोळे मिटत. बघता बघता पिशवी गरम व्हायची. निखारा नाही, वीज नाही, नुसता तळहात.

"पश्चिमेच्या डोंगरात चाळीस वर्षं साठवलेली प्राणशक्ती आहे ही," महागुरू सांगत. स्वतः ते जेमतेम पस्तिशीचे दिसत होते, पण वजाबाकी कुणी केली नाही.

तान शुफेन मात्र बागेच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. दोन वर्षं ती लू मास्तरांकडून संथ हालचालींचा व्यायाम शिकत होती. आधी आभाळ पेलायचं, मग धनुष्य ओढायचं, श्वासाची घाई करायची नाही. आठ प्रकारांपैकी पाच तिला बऱ्यापैकी जमत होते. चुन्या-राखेत बदकाची अंडी मुरवायचा तिचा धंदा, त्यामुळे दिवसभर ओणवं राहावं लागे. व्यायामानं तिची कंबर मोकळी झाली होती. मास्तरांनी याहून जास्त कबूलही केलं नव्हतं. "कंबर सुटेल, झोप लागेल. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवा," असं ते पहिल्याच दिवशी बजावत. आता त्यांच्यापुढे चारच शिष्य उरले होते, आणि त्यातले एक आजोबा ठार बहिरे.

शुफेनची धाकटी बहीण युशिया महागुरूंच्या पहिल्या रांगेत असे. गोळी म्हणजे शक्तीच्या वाटेतली धोंड, असं महागुरूंनी सांगितल्यापासून, अकरा दिवस झाले, तिनं रक्तदाबाची गोळी घेतली नव्हती. व्यायाम आटोपून शुफेन तिच्याजवळ गेली.

"डोकं का धरलंयस?"

"जुना रोग बाहेर पडतोय. पडताना दाराला धडकणारच, म्हणाले गुरू."

"आणि कानात?"

"भणभणतंय. तेही चांगलंच लक्षण आहे म्हणे."

"उद्या मेलीस तर तेही चांगलं लक्षण ठरेल."

"ताई, जीभ कमी चालव. एकदा गुडघ्यावर घेऊन तरी बघ."

शुफेननं विजार दुमडली. पिशवी खरंच तापली, आणि बरंही वाटलं. पण ओल्या कापडातून वाफ आली तशी ती चपापली. हा वास तिच्या अंडी मुरवायच्या छपरीतला होता. चुनकळीवर, म्हणजे न विझवलेल्या चुन्यावर, पाणी ओतलं की ती तापते आणि येतो तो. तिनं महागुरूंची बोटं न्याहाळली. नखांच्या कडांना पांढऱ्या भेगा होत्या. तिच्या स्वतःच्या बोटांना तीस वर्षं तशाच होत्या, आणि त्या काही ध्यानाला बसून पडल्या नव्हत्या.

"पिशवी उघडून बघू?"

"शक्ती उडून जाईल, बाई," म्हणत महागुरूंनी पिशवी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी शुफेन कात्री, गार चहाची बाटली आणि आपल्या हातानं शिवलेली पिशवी घेऊन आली.

"महागुरू, शक्ती पिशवीत की तुमच्या हातात?"

"हातात. पिशवीत नुसता औषधी पाला."

"मग हात जरा पाठीमागे घ्या."

लोक हसले. एवढ्या लोकांपुढे नाही कसं म्हणणार? महागुरूंनी हात मागे घेतले. शुफेननं त्यांच्या तबकातली एक पिशवी उचलली, फाटकाजवळच्या दगडी सिंहाच्या गुडघ्यावर ठेवली आणि वर चहा ओतला. थोड्याच वेळात वाफ निघाली.

"सिंहाला संधिवात कधीपासून?" बहिऱ्या आजोबांनी खणखणीत आवाजात विचारलं.

"माझी शक्ती दहा पावलांवरूनही पोचते," महागुरू घाईनं म्हणाले.

"असेल. आता ही माझी, अंड्यांच्या छपरीतली." शुफेननं आपली पिशवी सिंहाच्या दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून भिजवली. ती पहिलीपेक्षा जास्त तापली. "एक तर माझी साधना मोठी, नाहीतर माझी चुनकळी ताजी."

तिनं दोन्ही पिशव्या कात्रीनं फाडल्या. एकीत पाला, दुसरीत कोंडा, आणि दोन्हींत पांढरे खडे, फुगून फुटत असलेले. "हात लावू नका, भाजेल," ती म्हणाली. महागुरूंना एकाएकी बसची वेळ आठवली.

"पण माझ्या गुडघ्याला आराम पडला होता," एक बाई कुरकुरली.

"शेकानं पडला. घरी गरम पाण्याची पिशवी घ्या. ती गोळ्या बंद करायला सांगत नाही."

युशिया उठायला गेली आणि तोल जाऊन, गर्दीत येऊन उभ्या राहिलेल्या मास्तरांच्या अंगावर कोसळली. तिला उचलून दवाखान्यात नेलं. रक्तदाबाचा वरचा आकडा दोनशे दहा भरला.

"आणखी दोन-चार दिवस गेले असते तर मी काही करू शकले नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शुफेनला महागुरूंपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. रोज चुन्यात हात घालणाऱ्या बाईनं महागुरू बागेत आले त्या पहिल्याच दिवशी त्या पिशवीला हात का लावला नाही? ती बहिणीच्या खाटेवर बसून राहिली.

"लोक हसतील मला," युशिया पुटपुटली.

"हसू देत. तिथं येताना अक्कल कुणीच बरोबर आणली नव्हती. हे बघ, खरं औषध देणारा विचारलं की सांगतो, दाखव म्हटलं की दाखवतो. जो उघडून बघू देत नाही त्याच्या हाती आपला जीव द्यायचा नाही. एवढं समजायला शाळा लागत नाही."

युशिया गोळी गिळून वर पाणी प्यायली.

"मास्तरांचा व्यायाम मला जमेल का गं?"

"जमेल की," शुफेन म्हणाली. "गोळी घेऊन."